उंचावरून हंडा दिसत नाही

सोलचा नामसान टॉवर असो की आमचा माहुली, मित्रांसोबत उंचावर गेलं की आधी फोटो निघतात. खर्डीला मुंबईचे मित्र आले की आम्ही आसनगावहून माहुली चढतो. वरून तानसा तलाव दिसतो आणि कुणीतरी म्हणतंच, "भारी आहे यार, केवढं पाणी!"

तानसा धरण १८९२ चं. भातसाही शहापूर तालुक्यातच. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून जातं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर टँकर येतो.

हे सांगितलं की मित्र अवघडतात. "आम्ही पाणीपट्टी भरतो की, आमचा काय दोष?" खरंय, नळ उघडणं हा गुन्हा नाही. पण दोष आणि देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोष काही केल्याने लागतो. देणं नुसतं घेतल्यानेही लागतं. पाणीपट्टीत पाणी आणण्याचा खर्च येतो, धरणाखाली गेलेली जमीन आणि धरणाशेजारची तहान येत नाही.

मग फेडायचं कसं? एकट्याने फिटणारं हे देणं नाही. पण शहरासाठी नव्या धरणाची बातमी आली, तर आपल्याला किती पाणी मिळेल याआधी शेजारच्या पाड्यावर नळ गेला का, एवढं तरी शहराने विचारावं.