अंतर आणि अंतर देणे

नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापाशी उभे राहिले असता, अंतर ही वस्तू किती अचल आहे हे ध्यानात येते. ब्रिटिश अमदानीतील भूमापकांच्या त्या खुणेवर आसपासच्या गावांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. ती गावे तसूभरही जवळ आलेली नाहीत. आकाशमार्गाने मुंबई येथून सुमारे ६८५ किलोमीटर. शंभर वर्षांपूर्वीही ती तितकीच दूर होती. बदलला तो काळ. जेथे आगगाडीस रात्र लागते, तेथे विमानास दीड तास पुरतो.

काळावरील या विजयाचा एक सुंदर प्रसंग याच नगरीच्या सोनेगाव विमानतळावर घडला. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आल्या वाटेने परत जात. मद्रासचे पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीस मिळू लागले. परंतु वैमानिक पत्र पोचवू शके. लिहू शकत नसे.

आज धंतोलीतील वृद्ध आई आणि कॅलिफोर्नियातील तिचा मुलगा यांच्यामध्ये सुमारे तेरा हजार किलोमीटर आहेत. विमाने बदलत आले तरी साधारण एका अहोरात्राचा प्रवास. मग प्रवासाचा काळ आटला म्हणून मुलाचे कर्तव्य वाढले काय? कोणी म्हणेल, रजा, परवाना व पैसा हीही अंतरेच होत. हे खरे आहे, आणि न येणारा प्रत्येक मुलगा कृतघ्न नव्हे.

तथापि जुन्या काळी बोटीने विलायतेस गेलेल्या मुलाविषयी आई म्हणे, 'तो फार दूर आहे'. त्या एका वाक्यात त्याला क्षमा होती आणि तिला सांत्वन होते. विमानाने हे वाक्य दोघांपासूनही हिरावून घेतले. आता प्रत्येक न येणे हा एक निर्णय ठरतो. शिवाय, वाटेल तेव्हा जाता येते, या भरवशावर माणूस कधीच निघत नाही. निघतो तो आजाराची वार्ता आल्यावर. तेव्हा मात्र एक अहोरात्रही फार मोठे असते.

म्हणून मला वाटते, वेगाने कर्तव्य वाढवले नाही. त्याची वेळ मात्र अलीकडे आणली. शेवटच्या घटकेला धावून येणे नेहमीच आपल्या हाती नसते. पण कोणी न बोलावता, निमित्त नसताना, चार दिवस येऊन राहणे पुष्कळदा असते. आपल्या भाषेत 'अंतर असणे' आणि 'अंतर देणे' हे निराळे प्रयोग आहेत. पहिले भूगोलाचे आहे. दुसरे आपण देतो, आणि त्याचा हिशेब कोणत्याही दगडावर कोरलेला नसतो.