उशिरा ऐकलेली हाक

धर्मसंस्था बदलत नाहीत आणि बदलल्या तर श्रद्धा गमावतात, असे सर्रास मानले जाते. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर यातले काहीच खरे ठरत नाही. १८३२ साली अंतोनिओ रोस्मिनी या इटालियन धर्मगुरूंनी ख्रिस्तसभेच्या पाच जखमांवर एक ग्रंथ लिहिला. उपासनेत लोक आणि धर्मगुरू यांच्यात पडलेले अंतर, धर्मगुरूंचे अपुरे शिक्षण, बिशपांमधला दुरावा, त्यांच्या नेमणुकांतला राजसत्तेचा हात आणि चर्चच्या मालमत्तेवरचा ऐहिक सत्तेचा विळखा, या त्या जखमा. रोस्मिनी बंडखोर नव्हते. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाची रीत समोर ठेवून ते आपल्याच काळाची झडती घेत होते. ग्रंथ १८४८ मध्ये छापला गेला आणि पुढच्याच वर्षी निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेला. १८५९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी आणखी अडचणीचा मुद्दा मांडला. चौथ्या शतकात ख्रिस्ताच्या देवत्वावरून वाद पेटला तेव्हा अनेक बिशप डळमळले, पण सामान्य भाविकांनी श्रद्धा राखली. म्हणून धर्मतत्त्वांच्या बाबतीतही प्रापंचिकांचे मत विचारात घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याविरुद्धची तक्रार थेट रोमला पोहोचली.

पुढची शंभर वर्षे अशा विचाराला प्रतिकूल होती. इटलीच्या एकीकरणात पोपची राजकीय सत्ता हातची जात होती, विज्ञान आणि इतिहाससंशोधन धर्मग्रंथांना प्रश्न विचारत होते. घेरलेल्या संस्थेने दारे लावून घेतली. १८७० मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत जाहीर झाला, १९०७ मध्ये आधुनिकतावादाचा निषेध झाला आणि १९१० पासून धर्मगुरूंना त्याविरुद्ध शपथ घ्यावी लागू लागली. सुधारणा हा शब्दच मार्टिन ल्यूथरच्या बंडाची आठवण देत असल्याने संशयास्पद ठरला होता. अशा वातावरणात फ्रेंच डोमिनिकन धर्मगुरू ईव्ह काँगार यांनी १९५० मध्ये खऱ्या आणि खोट्या सुधारणेतला फरक सांगणारा ग्रंथ लिहिला. खरी सुधारणा प्रेमातून येते, ऐक्य मोडत नाही, धीर धरते आणि परंपरेच्या मूळ स्रोतांकडे परतते, हा त्यांचा निकष. कालची सवय म्हणजे परंपरा नव्हे, हे या विचाराचे मर्म होते. १९५४ मध्ये काँगार यांचे अध्यापन बंद करण्यात आले. पण १९६० मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी त्यांनाच आगामी परिषदेच्या तयारीसाठी बोलावले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) ख्रिस्तसभा पवित्र असली तरी तिला सतत शुद्धीकरणाची गरज आहे, हे अधिकृतपणे मान्य केले. लोकभाषेतल्या उपासनेला वाट मिळाली. वसईच्या चर्चमध्ये मराठीत आणि गोव्यात कोकणीत होणारी मिस्सा हे त्याचेच फळ. रोस्मिनी यांनी लॅटिन काढून टाका असे म्हटले नव्हते, तरी त्यांनी दाखवलेल्या पहिल्या जखमेवर उपचार सुरू झाला तो असा, एकशे तीस वर्षांनी. रोस्मिनी यांना २००७ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले, न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद मिळाले आणि काँगार १९९४ मध्ये कार्डिनल झाले.

यावर परंपरानिष्ठांचा आक्षेप असा, की परिषदेनंतरच युरोपातली चर्चे ओस पडली, तेव्हा सुधारणेनेच श्रद्धा पातळ केली. पण ज्या प्रॉटेस्टंट चर्चेसना ही परिषद लागू नव्हती, त्यांचीही उपस्थिती त्याच काळात घटली. आणि हेच बदल स्वीकारलेल्या आफ्रिकेत कॅथॉलिकांची संख्या वाढत गेली. कारण शोधायचे तर ते युरोपच्या बदललेल्या समाजजीवनातही शोधावे लागेल. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. धीर धरा, हा उपदेश शेवटी सत्ताधाऱ्यांच्याच सोयीचा नाही का? २००२ मध्ये बॉस्टनमध्ये धर्मगुरूंनी केलेले मुलांचे लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण उघड झाले, तेव्हा या प्रश्नाला टोक आले. इथे काँगार यांच्या निकषाला मर्यादा घालावीच लागते. धर्मतत्त्वाच्या वादात विचारवंताने स्वतःहून धीर धरणे हा सद्गुण आहे. अत्याचारग्रस्ताकडे धीर मागणे हा दुसरा अत्याचार आहे. वैयक्तिक पश्चात्ताप आणि प्रार्थना यांनी असा रोग बरा होत नाही. त्यासाठी चौकशी, शिक्षा आणि प्रापंचिकांची देखरेख लागते.

म्हणूनच आध्यात्मिक नवचैतन्य आणि संस्थात्मक सुधारणा यांना वेगवेगळे ठेवता येत नाही. २०२३ च्या रोममधील सिनॉडमध्ये स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला, हे न्यूमन यांच्या विचाराचेच उशिरा टाकलेले पाऊल आहे. मात्र स्त्रियांच्या डीकनपदाचा प्रश्न पुढच्या वर्षीच्या अंतिम दस्तऐवजानेही खुलाच ठेवला. टीकाकाराला मरणोत्तर गौरवणे ही सुधारणा नव्हे. तो हयात असताना त्याचे ऐकून घेण्याची व्यवस्था उभी राहील, तेव्हाच ख्रिस्तसभा आपल्याच परिषदेच्या शब्दाला जागली असे म्हणता येईल.