‘नाही’ म्हणण्यापुरती जमीन

कायद्याने माणूस सज्जन होत नाही, असे म्हणून पोलीस-सुधारणेचा विषय झटकून टाकणारे पुष्कळ भेटतात. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. १८५७च्या उठावानंतर, १८६१ साली झालेल्या कायद्यातला पोलीस वरिष्ठांना उत्तरदायी होता, फिर्यादीला नव्हे. ती घडण स्वातंत्र्यानंतरही टिकली. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. ठाणेदाराला किमान दोन वर्षे एका जागी ठेवावे, असेही त्याच निकालात आहे. मला ते अधिक मोलाचे वाटते. ‘त्याला सोडा, याला आत घ्या’ असा निरोप वरून आला आणि ठाणेदाराने तो नाकारला, तर पूर्वी बदली ठरलेलीच. बदलीच्या धाकात सचोटी मागणे म्हणजे शौर्य मागणे. आणि शौर्य रोज थोडेच जमते! (आम्हां शिक्षकांनाही हे ठाऊक आहे.) सज्जनाला ‘नाही’ म्हणण्यापुरती जमीन मात्र कायदा देऊ शकतो. नुसती प्राधिकरणे नेमून बदल्यांचा खेळ तसाच चालू ठेवला, तर पोलीस दोन्हीकडून भिईल, एवढेच. शिवाय मुदतीचे हे संरक्षण साध्या शिपायाला नाहीच. आपल्या सीमाभागात मोर्चाच्या दिवशी काठी घेऊन उभा असतो, तो तोच.