उतारशाळेचा रखवालदार

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. याजक बाजूनें निघून गेला, लेवीही गेला, आणि परका शोमरोनी मात्र थांबला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या दाखल्यांत आणखी एक मनुष्य आहे व त्याच्याविषयीं उपदेश क्वचितच ऐकूं येतो. तो म्हणजे उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी दुसऱ्या दिवशीं आपल्या वाटेनें गेला. जखमा पुसणें, पाणी पाजणें, रात्रीं उठून पाहणें, हें सर्व पुढें या रखवालदाराकडेच आलें. जातांना शोमरोन्यानें त्याच्या हातीं दोन दिनार मोजून ठेविले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी. आणि अधिक खर्च होईल तो परत येतांना फेडण्याचा शब्द दिला. हें देवाचें काम आहे, सबब तूं तें फुकट कर, असें तो म्हणाला नाहीं.

आमच्या खेड्यांची उतारशाळा म्हणजे सरकारी दवाखाना. ठरलेल्या प्रमाणानें तीस खाटांचें एक सामुदायिक आरोग्य केंद्र, ज्यास आपल्याकडे बहुधा ग्रामीण रुग्णालय म्हणतात, तें सपाटीवर १,२०,००० आणि डोंगरी व आदिवासी मुलखांत ८०,००० लोकांकरितां असतें. गांवोगांव पोंचणारे त्याचे हात म्हणजे आशाताई. २००५ सालीं निघालेल्या योजनेप्रमाणें साधारण हजार वस्तीमागें एक. त्यांस नोकर म्हणत नाहींत, स्वयंसेविका म्हणतात. म्हणून नोकराचें वेतनही नाहीं, कामागणिक मोबदला आणि कांहीं मानधन, इतकेंच. महामारीच्या दिवसांत त्या दारोदार फिरल्या. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला, आणि २०२४ च्या आरंभीं आमच्या प्रांतांतील त्याच स्त्रिया मानधनासाठीं मुंबईस आझाद मैदानांत बसल्या होत्या.

तेव्हां प्रश्न हा, कीं ज्या कामास आपण सेवा असें थोर नांव देतों, त्याची मजुरी व त्यांत विसावा मागण्याचा हक्क करणाऱ्यास उरतो कीं नाहीं?

कोणी म्हणतील, प्रभूनें तर आपला प्राणही दिला. सेवकानें तास मोजावे काय? या बोलण्यांत भक्ति दिसते, पण त्यांत एक घोटाळा आहे. स्वतः होऊन देणें निराळें आणि दुसऱ्याकडून तें वसूल करणें निराळें. पौलानें करिंथ येथें तंबू शिवून पोट भरलें व मंडळीवर भार घातला नाहीं. तरी त्याच करिंथकरांस लिहितांना त्यानें मळणीच्या बैलाचा व वेदीच्या सेवकांचा दाखला देऊन, काम करणाऱ्यास पोटास मिळण्याचा हक्क आहे हें नेटानें सिद्ध केलें. हक्क सोडावयाचा तर तो पौलानें सोडावा. तो काढून घेण्याचा अधिकार करिंथच्या मंडळीस नव्हता. (आमचे प्रचारक बंधु हें वाचून गालांत हंसतील. हंसोत. हें वाक्य मंडळीच्या खजिनदारांनींही वाचावें.)

गांवांत आणखी एक बोलणें सतत ऐकूं येतें, कीं दवाखान्यांतील बाई फार तोंडाळ, माणुसकी म्हणून नाहीं. कोठें तसें असेलही. परंतु कामाच्या ओझ्यानें माणूस आंतून जळून जातो, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या व्याधींच्या वर्गीकरणांत नोंदली आहे. रोग म्हणून नव्हे, तर कामांतून उपजणारी अवस्था म्हणून. तिचीं लक्षणें तीन: शक्ति सरणें, कामाविषयीं मन विटणें, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं असें वाटणें. ज्या बाईस आपण कठोर म्हणतों, तिनें किती रात्री डोळ्यास डोळा लाविला नाहीं हें आधीं विचारावें.

एलीया रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागत पडला तेव्हां देवाच्या दूतानें त्यास धीराचें व्याख्यान दिलें नाहीं. भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हां उठवून जेवूं घातलें. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसे, तें पाहून सासरा इथ्रो यानें त्यास सहनशीलता शिकविली नाहीं. आणखी माणसें नेमावयास लाविलीं. आम्हांस वाटतें, दवाखान्यांतील थकलेल्यांस मनःशांतीचे धडे देण्यापूर्वीं या दोन गोष्टी पुन्हां वाचाव्या. १९७० सालीं जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें काम आरंभिलें. पुढें त्यांनीं खेड्यांतील स्त्रियांस आरोग्यसेविका केलें, तेव्हां त्या शिकण्यासाठीं वरचेवर एकत्र जमत. एकटीचें ओझें दहाजणींत बोललें गेलें कीं तें निम्में होतें.

मग मंडळीनें काय करावें? वेतन सरकारनें द्यावयाचें, पण रात्रीं बाळंतिणीबरोबर निघालेल्या आशाताईसोबत एखादा भरवशाचा मनुष्य द्यावा, तिचीं मुलें त्या रात्रीं शेजारणीनें सांभाळावीं, आणि साध्या डोकेदुखीसाठीं मध्यरात्रीं तिचें दार ठोठावूं नये, हें तर आपल्याच हातीं आहे. २०२४ च्या ऑगस्टांत कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांत रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरबाईवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, हें कोणी विसरलें नसेल. सरकारी दवाखान्यास रुग्ण कल्याण समिती असते. अशा समितीवर आमच्या मंडळीचा कोणी वडील बसत असेल, तर त्यानें पुढील बैठकींत इतकें तरी विचारावें, कीं रात्रपाळीच्या परिचारिकेच्या खोलीस आंतून कडी आहे काय, आणि तिच्या सुटीच्या दिवशीं तिच्या जागीं कोण उभें असतें.