उठलेल्या गावांतली जनावरं

सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की नांदेडच्या भोकर तालुक्यातल्या शेतांभोवती जुन्या साड्या दिसू लागतात. बांधाच्या कडेने खुंट्या ठोकायच्या आणि त्यांना घरातल्या, नात्यातल्या, कमी पडल्या तर बाजारातून आणलेल्या साड्या बांधायच्या. वाऱ्याने फडफडणाऱ्या कापडाला रानडुक्कर बिचकतं. काही रात्री बिचकतं. मग त्याला कळतं की साडीमागे माणूस नाही, आणि खालून मुसंडी मारून अख्खा कळप आत शिरतो. सकाळी पीक आडवं झालेलं आणि माती नांगरल्यासारखी उकरलेली. ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो झटका मशीन बसवतो, बाकीचे जागल करतात, आणि नुकसान झालं की पंचनाम्यासाठी खेटे घालतात. रानडुकराबद्दल प्रेमाने बोलणारा माणूस या मुलखात मला तरी भेटलेला नाही.

चेर्नोबिलच्या रानडुकरांचं मात्र जगभर कौतुक झालं. तिथले लांडगे, हरणं, घोडे यांचे फोटो छापून येतात आणि खाली मथळा असतो की निसर्गाने अणुसंकटावर मात केली. असा मजकूर इथल्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवला तर तो एवढंच विचारील, ‘तिथं पेरतं कोण?’ किरणोत्सारी मुलखातल्या वन्यजीवांवर गेली तीसेक वर्षं जे संशोधन चाललं आहे, त्याला विचारण्याजोगा इतका नेमका दुसरा प्रश्न मला सापडलेला नाही.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. त्या वर्षभरात भोवतालच्या तीस किलोमीटरच्या पट्ट्यातून सुमारे १ लाख १६ हजार माणसं हलवली गेली. अणुभट्टीजवळचं पाइनचं जंगल काही आठवड्यांत गंजाच्या रंगाचं होऊन मेलं. तेच ‘लाल जंगल’. पाइनची झाडं किरणांना फार हळवी असतात. ती पाडून बरीचशी जागच्या जागी पुरली, आणि पुढे तिथे बर्च उगवला. पण तो मारा पहिल्या काही महिन्यांचा होता. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे काही महिन्यांत ते संपल्यात जमा. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षांचं. तेव्हा १९८६ च्या उन्हाळ्यातली जनावरं आणि आजची जनावरं यांच्या वाट्याला आलेली मात्रा अगदी वेगळी आहे. सुरुवातीचा तडाखा आणि नंतरचा मंद, सततचा मारा यांत फरक न करणारा लेख हाती आला तर खुशाल बाजूला ठेवावा.

२०१५ साली बेलारूसकडच्या भागाची दीर्घ गणती प्रसिद्ध झाली. १९८७ पासून दहा वर्षं हेलिकॉप्टरमधून केलेली मोजणी आणि नंतर बर्फातल्या पावलांच्या खुणांवरून केलेली मोजणी असा तिचा आधार. एल्क, हरणं आणि रानडुकरं यांची संख्या किरणोत्सर्ग नसलेल्या राखीव जंगलांइतकीच निघाली, आणि लांडगे सातपटीहून जास्त. रानडुकरांचा आलेख तर भोकरच्या माणसाने डोळे मिटून काढावा असा आहे. माणसं गेली, शेतात उभं पीक राहिलं, परसातल्या बागा मोकळ्या पडल्या, आणि पहिल्या काही वर्षांत डुकरं भराभर वाढली. नव्वदीच्या मध्याला रोग आला, लांडगेही वाढले होते, आणि संख्या खाली आली. या चढ-उतारात किरणांचा हात दिसत नाही. शेती, शिकार आणि कुऱ्हाड थांबली, त्याचा हात दिसतो.

एवढ्यावर ‘किरणोत्सर्ग निरुपद्रवी’ असा शिक्का मारणारे पुष्कळ आहेत. पण गणती डोकी मोजते, तब्येत मोजत नाही. रानडुकरीण एका वेताला पाच-सहा पिल्लं देते. त्यांतली दोन मेली तरी कळप कायम राहतो, आणि त्या दोघांचं काय झालं हे हेलिकॉप्टरमधून कळत नाही.

ते पाहायचं तर जनावर हातात घ्यावं लागतं. आंदर्स म्योलर आणि टिमोथी मूसो यांनी पक्षी हातात घेतले. आपल्याकडे हिवाळ्यात विजेच्या तारांवर रांगेने बसणारी माळभिंगरी तिकडच्या गोठ्यांत घरटी करते. चेर्नोबिलच्या भिंगऱ्यांत त्यांना पांढरी पडलेली पिसं आणि गाठी सापडल्या. २०११ साली त्यांनी ४८ जातींचे ५५० पक्षी तपासून लिहिलं, की किरणोत्सर्ग जास्त तिथल्या पक्ष्यांचे मेंदू सरासरी पाच टक्के लहान आहेत. पक्षी आणि कीटक संख्येनेही कमी आहेत, असंही त्यांचं म्हणणं. यावर आक्षेप बरेच आले. त्यांतला मला पटलेला आक्षेप असा: भिंगरी गोठ्याच्या आढ्याला राहते, गुरांच्या माश्यांवर जगते. माणूस गेला, गुरं गेली, शेण गेलं, माश्या गेल्या. मग भिंगरी कमी झाली ती किरणांनी की गोठा रिकामा झाल्याने? लांडग्याला माणसाचं जाणं मानवलं, भिंगरीला मानवलं नसणार. दोघांच्याही गोष्टीत किरणांपेक्षा माणूस मोठा निघण्याची शक्यता आहे. पांढऱ्या पिसांचा खुलासा मात्र रिकाम्या गोठ्याने होत नाही, हेही मान्य करायला हवं.

या क्षेत्रात घाईने बोललेलं अंगाशी येतं. रॉबर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं, की चेर्नोबिलच्या शेतउंदरांसारख्या लहान प्राण्यांत जनुकीय बदलांचा वेग अफाट वाढला आहे. जगभर मथळे झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी तेच नमुने नव्या यंत्रावर पुन्हा वाचले, निष्कर्ष टिकला नाही, आणि त्यांनी लेख स्वतः मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी अर्थातच पहिल्या पानावर आली नाही. आजही त्या पहिल्या लेखाच्या आठवणीवर बोलणारे वक्ते भेटतात. बेडकांचं उदाहरण ताजं आहे. स्पेनच्या संशोधकांनी २०१७ ते २०१९ या काळात चेर्नोबिलकडच्या तळ्यांतले दोनशेवर झाडबेडूक पाहिले. बाधित पट्ट्यातले बेडूक बाहेरच्यांपेक्षा जास्त काळपट निघाले. काळेपणाचं नातं आजच्या किरणोत्सर्गाशी नव्हतं, अपघाताच्या वेळी जिथे जास्त किरणोत्सर्ग पडला होता त्या जागांशी होतं. त्वचेतल्या मेलॅनिनमुळे तेव्हा काळे बेडूक तगले असावेत, असा त्यांचा कयास. कयासच, पण तपासता येण्याजोगा.

आता पुन्हा रानडुकराकडे, कारण या विषयातला सगळ्यात नवलाचा धागा त्याच्याच पोटातून निघाला आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात चेर्नोबिलनंतर हरणांच्या मांसातलं सिझियम वर्षागणिक उतरत गेलं, रानडुकरांच्या मांसातलं उतरेना. २०२३ साली व्हिएन्ना आणि हॅनोव्हरच्या रसायनशास्त्रज्ञांनी ४८ नमुने तपासले. सिझियम-१३५ आणि सिझियम-१३७ यांचं प्रमाण अणुभट्टीत वेगळं पडतं आणि बॉम्बच्या स्फोटात वेगळं. त्यामुळे मांसातलं सिझियम कुठलं ते सांगता येतं. निघालं असं, की त्यातला बराच वाटा चेर्नोबिलचा नाहीच, १९५०-६० च्या दशकांत झालेल्या अणुबॉम्ब चाचण्यांचा आहे. हिवाळ्यात खायला काही नसलं की डुकरं जमीन उकरून एक प्रकारची भूमिगत अळंबी खातात. सिझियम मातीतून फार सावकाश खाली सरकतं. साठ वर्षांपूर्वी आभाळातून पडलेलं आता कुठे त्या अळंबीच्या खोलीला पोचलं आहे, आणि चेर्नोबिलचं अजून वाटेवर आहे. म्हणजे येत्या काळात त्या मांसातलं सिझियम लवकर कमी होण्याची आशा नाही. ज्या उकरण्याच्या खोडीपायी भोकरची डुकरं शिव्या खातात, तिनेच हा हिशेब उघडा पाडला.

भारतात असं काही संशोधन झालं का? झालं, आणि चेर्नोबिलच्या कितीतरी आधी. केरळात कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, थोरियमने भरलेली. नैसर्गिक किरणोत्सर्ग कुठे नसतो? आपल्या नांदेडच्या पूर्व अंगाला काळा बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, त्यातही युरेनियम-थोरियम बेसाल्टपेक्षा जास्त असतं. काळजी करण्यासारखं नाही, पण शून्य कुठेच नाही. केरळच्या त्या पट्टीत मात्र तो नेहमीच्या कित्येक पट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले जनुकशास्त्रज्ञ हान्स ग्रुनेबर्ग यांनी साठच्या दशकात तिथले घरउंदीर पकडवले आणि पट्टीबाहेरच्या उंदरांशी त्यांची हाडं व दात ताडून पाहिले. किरणांच्या माथी मारता येईल असा फरक सापडला नाही. असंख्य पिढ्या त्या वाळूवर जन्मलेले, तिथेच वाढलेले उंदीर, आणि हाडांत खूण नाही!

त्याच पट्टीतल्या माणसांवरचे पुढचे अभ्यास मात्र एका सुरात बोलत नाहीत. २००२ साली पीटर फॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत जास्त बदल नोंदवले. २००९ साली करुनागप्पळ्ळीच्या ६९,९५८ रहिवाशांच्या सरासरी साडेदहा वर्षांच्या नोंदींवरून अभ्यास आला. त्यात कर्करोग जास्त आढळला नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हाडांना विचारलं तर हाडं उत्तर देतात, डीएनएला विचारलं तर डीएनए, आणि आजाराचं उत्तर या दोघांकडेही नसतं. किरणं जिवाला बाधतात का, हा प्रश्न मुळातच मोघम आहे. किती, किती काळ, कुणाला, आणि कशाच्या तुलनेत, हे ठरवल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

शेवटचा मुद्दा, तुलनेचा, मराठवाड्याला तरी परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावठाणांत बाभळी माजल्या. पण चेर्नोबिलसारखे लांडगे सातपट झाले नाहीत, होणारही नव्हते. कारण किल्लारीत घरं उठली, शिवार नाही. नव्या गावातून माणसं त्याच रानात नांगर घेऊन जात राहिली. चेर्नोबिलला घर, शेत, बंदूक आणि कुऱ्हाड सगळंच एका फटक्यात उठलं. तिथल्या वन्यजीवांची भरभराट ही मुख्यतः त्या उठण्याची गोष्ट आहे.

यावरून ‘माणूस काढा, जंगल वाचेल’ असा धडा काढण्याचीही घाई नको. आपल्या माळरानावरचा लांडगा धनगरांच्या मेंढ्यांच्या मागेमागे जगत आला आहे. वाडे उठले की त्याचंही काही खरं नाही. चेर्नोबिलचा लांडगा आणि आपला लांडगा जात एक असूनही वेगवेगळ्या संसारात राहतात.

मग हा वाद येतो तो कोकणातल्या जैतापूरच्या वेशीवर. माडबनला १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तिला ३५ अटींवर पर्यावरण परवानगी मिळाली. गेल्या काही वर्षांत अणुऊर्जेचे समर्थक चेर्नोबिलचे लांडगे पुढे करतात, विरोधक गाठी आलेल्या भिंगऱ्या. दोन्ही बाजूंनी जनावरं साक्षीला उभी केली जातात. लांडग्यांचं वाढणं हे अणुभट्टीचं प्रमाणपत्र होत नाही, आणि भिंगरीच्या पिसावरून नीट चालणाऱ्या केंद्राचा निकाल लागत नाही. अपघात झालेल्या जागेची तुलना न झालेल्या अपघाताशी करण्यात तर्काची चूक आहे, आणि ती दोघेही करतात.

चेर्नोबिलच्या सगळ्या वादाचं मूळ एका उणिवेत आहे. २०१५ च्या गणतीतली हेलिकॉप्टरची मोजणी १९८७ पासूनची आहे, अपघातानंतरची. आधी किती लांडगे होते, भिंगऱ्यांत पांढरं पीस किती जणींना असायचं, हे कोणी नीट मोजून ठेवलं नव्हतं. म्हणून प्रत्येक निष्कर्षाला शेजारच्या जंगलाशी तुलना करण्याची कुबडी लागते. माडबनला ही सबब चालणार नाही, कारण तिथे अणुभट्टी अजून उभीच राहिलेली नाही. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००८ साली वन्यजीवांचा धोका मोजण्यासाठी बारा नमुनेदार जीव ठरवले. त्यांत बेडूक, खेकडा, मधमाशी आणि गांडूळ आहे. हे चौघंही कोकणात मुबलक सापडतात. सड्यावरच्या डबक्यांतले बेडूक, खाडीतले खेकडे, आंब्या-काजूच्या बागांतल्या मधमाश्या यांची निदान दहा पावसाळ्यांची मोजणी आत्तापासून सुरू करता येईल. मोजणारे प्रकल्पाच्या पगारावर नकोत आणि विरोधी समितीचेही नकोत. आकडे दरवर्षी मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, म्हणजे पुढे भांडण झालंच तर निदान आधीच्या आकड्यांवरून होणार नाही.