पूर्वजांच्या कागदाला कात्री

कागद, छायाचित्रे, कापडाचे तुकडे कापून आणि एकाच फलकावर चिकटवून केलेल्या चित्राला कोलाज म्हणतात. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये या रीतीला आधुनिक चित्रकलेत स्थान मिळवून दिले. फलकावर आजोबांच्या खतावणीचे मोडी पान, जुनी लग्नपत्रिका, पोस्टकार्ड, विरलेल्या लुगड्याचा काठ अशा वारशाच्या वस्तू आल्या, की प्रश्न कलेपुरता राहत नाही. गेलेल्या माणसाचा हात लागलेला कागद कापला, तर त्या माणसाचे जे काही त्यात उरले आहे, त्याचे काय होते?

भारतीय दर्शनांत असा वाद अवयव (भाग) आणि अवयवी (भागांनी बनलेली पूर्ण वस्तू) यांच्यावरून झाला. न्याय-वैशेषिकांच्या मते वस्त्र म्हणजे नुसते तंतू नव्हेत. तंतूंच्या आश्रयाने राहणारी ती वेगळीच वस्तू आहे. एक तंतू काढला, की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंतून नवा ‘खंडपट’ जन्मतो. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेन याच्या उलट सांगतो. चाके, आस, जू यांच्याखेरीज रथ म्हणून निराळे काही नाही. रथ हे केवळ नाव आहे. पहिल्या मताने कात्री लागताच पत्र संपले, दुसऱ्या मताने संपण्याजोगे काही नव्हतेच. दोन्ही तर्क चोख आहेत, पण आईच्या हस्ताक्षरापाशी हात का थबकतो, हे त्यांतून उलगडत नाही.

या थबकण्याचा उलगडा दुसरीकडे सापडतो. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम उभारला. ज्यांच्या नावाने तो आश्रम आहे, त्या विवेकानंदांच्या चरित्रातील १८९१ सालचा अलवारचा प्रसंग येथे नेमका लागू पडतो. महाराजा मंगलसिंग यांचा मूर्तिपूजेवर विश्वास नव्हता. विवेकानंदांनी भिंतीवरची महाराजांचीच तसबीर खाली काढायला लावली आणि दिवाणांना तिच्यावर थुंकायला सांगितले. कोणीही धजेना. तसबिरीत महाराजांचे हाडमांस नाही, तरी तिच्यात महाराज दिसतात म्हणून तिचा मान राखला जातो. मूर्तीपुढे वाकणाऱ्याचेही तसेच आहे, हे त्यांनी दाखवून दिले. कागद निर्जीव असतो, पण त्याच्यामागे उभे असलेले नाते तसे नसते.

मेहकरच्या याच मुलखात हा विचार अलवारच्या प्रसंगाच्या सुमारे सहाशे वर्षे आधी झाला होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळाचरित्रातील भ्रमंतीत मेहकर आणि लोणार ही गावे येतात. हा पंथ एका परमेश्वरावाचून दुसऱ्या कोणाचीही भक्ती करत नाही. तरीही स्थान, प्रसाद, भिक्षुक (संन्यासी) आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी) यांना तो वंदन करतो. प्रसाद म्हणजे अवताराशी संबंध आलेली वस्तू. तिचे वंदनीयत्व त्या संबंधामुळे आहे, त्यामुळे स्पर्श झालेल्या पाषाणाचा लहानसा खडाही पुरतो. वस्तू अखंडच हवी, असा हट्ट तेथे नाही.

गोधडी शिवणाऱ्या बायकांनी हे कुठल्याही शास्त्राविना जाणले. आजीची लुगडी फाडून नातवंडाचे पांघरूण होते आणि त्यात कोणालाही आजीचा अपमान दिसत नाही. कागदाचे कुळही फारसे वेगळे नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद चिंध्यांच्या लगद्यापासून होत आला. पण येथे एक फरक विसरता येत नाही. लुगड्याची ऊब तुकड्यातही टिकते, पत्रातले वाक्य टिकत नाही. ‘ताप उतरला, काळजी नसावी’ यातला अर्धा भाग कापला, की सांगणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे होते. म्हणून पाकिटे, वहीची कोरी पाने, जादा उरलेल्या लग्नपत्रिका, कापडाचे काठ यांना कात्री लावण्यास हरकत नाही. एकुलते एक पत्र, जन्मपत्रिका, वंशावळ यांची मात्र छापील प्रत काढून तीच कापावी. प्रतीला मूळ हाताचा स्पर्श नसतो, ही उणीव खरी आहे. ती त्याच पत्राचे मूळ पाकीट शेजारी लावून बरीचशी भरून निघते. मैद्याची खळ पाण्याने सुटते, त्यामुळे चिकटवलेले पुन्हा मोकळे करण्याची वाटही राहते.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा. १८८६ मध्ये विवेकानंदांचे गुरू रामकृष्ण यांच्या देहावशेषांवरून गृहस्थ भक्त आणि तरुण शिष्य यांच्यात वाद झाला. काही भाग कांकुडगाछीला पुरला गेला, बराचसा शिष्यांनी स्वतःजवळ ठेवला, आणि १८९८ मध्ये विवेकानंदांनी त्याचा कलश खांद्यावरून बेलूरला नेला. वाटणीने पावित्र्य घटले, असे दोन्हीकडच्या कोणालाही वाटले नाही. घरच्या कागदांचा वाटा ठरवताना मिताक्षरेचा आधार घेता येतो. विज्ञानेश्वराने अकराव्या-बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिलेला हा ग्रंथ वडिलार्जित संपत्तीत पुत्राचा हक्क जन्मतःच मानतो. पत्राला बाजारात किंमत नसली, तरी तोच न्याय त्याला लावला, तर आजीच्या पत्रावर एकट्या थोरल्याची किंवा एकट्या चित्रकाराची सत्ता चालत नाही. भावंडांची संमती घ्यावी लागते. शिवाय घरात पुढे जन्मणाऱ्यांना आपला वारसा ओळखता यावा, म्हणून कोणता तुकडा कोणाचा आणि कोणत्या सालचा, हे फलकाच्या पाठीमागे लिहून ठेवावे लागते.