वेग कोणासाठी?

शांत बसा. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास जसा येतो तसा येऊ द्या.

आता मन हर्सूलला न्या. इथे तलाव आहे आणि मध्यवर्ती कारागृहही. त्या भिंतींआड कुणी आपल्या अपिलाच्या निकालाची वाट पाहत आहे, असे समजा. निकाल लागला, पण तो इंग्रजीत आहे. वाट पाहणाऱ्याला मराठीच वाचता येते.

अशा वाचकांचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचे सॉफ्टवेअर आणले. मराठीसह नऊ भारतीय भाषांपासून त्याची सुरुवात झाली. निकालांचा ढीग मोठा, म्हणून यंत्र वेगवान हवे. हा वेग कोणासाठी, एवढा एकच प्रश्न मनात धरा. उत्तराची घाई करू नका.

आधी पाहा, वेळ जातो कुठे. यंत्र इंग्रजी वाक्य एका दमात वाचते, पण मराठी वाक्य तुकड्यातुकड्याने रचते. प्रत्येक तुकड्यासाठी यंत्राच्या मॉडेलमधले कोट्यवधी आकडे मेमरीतून प्रोसेसरपर्यंत आणावे लागतात. तलाव भरलेला असला तरी नळाला पाणी पाइपाच्या रुंदीइतकेच येते, तसे हे आहे. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटतात. शब्दाचे जितके तुकडे, तितक्या फेऱ्या. म्हणून अंदाज बांधू नका. वाचणे, तुकडे करणे, रचणे, या प्रत्येकाला किती वेळ लागतो ते मोजा.

एक श्वास घ्या.

आता फुकट जाणारे श्रम पाहा. लांब वाक्यासोबत आखूड वाक्य एकाच गटात दिले, तर आखुडाची रिकामी जागाही यंत्र मोजत बसते. सारख्या लांबीची वाक्ये एकत्र करा. आधी काढलेली गणिते जपून ठेवा, ती पुन्हा करायला लावू नका. इथे वेळ वाचतो आणि अर्थ जिथल्या तिथे राहतो. हे समाधान क्षणभर अनुभवा.

पुढची पायरी जपून: आता मॉडेलच हलके करायचे आहे. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतने २०२३ मध्ये २२ भाषांसाठी भाषांतर करणारे इंडिकट्रान्स२ खुले केले, ते उदाहरण घ्या. त्याच्या मोठ्या मॉडेलमध्ये सुमारे ११० कोटी आकडे आहेत. प्रत्येक आकडा ३२ बिटांत ठेवला तर सुमारे ४.४ जीबी जागा लागते. ८ बिटांत बसवला तर १.१ जीबी. मोठ्या मॉडेलकडून शिकवून तयार केलेले सुमारे २० कोटींचे छोटे मॉडेलही आहे. भाषांतर करताना चार-पाच पर्यायी वाक्ये सोबत चालवण्याऐवजी एकच चालवले, तरी वेळ वाचतो. पण यातल्या प्रत्येक उपायात थोडी बारकाई हातची जाऊ शकते.

इथे थांबा. अशा बदलानंतरही हजार वाक्यांच्या भाषांतराची सरासरी गुणसंख्या जवळपास पूर्वीइतकीच राहिली, असे समजा. त्यातल्या एका वाक्यात ‘जामीन नामंजूर’चे ‘जामीन मंजूर’ झाले. सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ज्याच्या हाती तो कागद पडेल, त्याला तेवढेच एक वाक्य वाचायचे असते.

त्या माणसाला मनासमोर ठेवून ठरवा: वेग वाढवण्यापूर्वी आणि नंतर कोणती वाक्ये ताडून पाहायची. नकार असलेली. तारखा, रकमा, कलमे असलेली. अटी घालणारी. ही वेगळी काढा, त्यांचे गुण वेगळे मांडा. त्यांत चूक वाढत असेल, तर तो वेग सोडून द्या. सोडताना मनाला हळहळ वाटू देऊ नका.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळा. यंत्राचे भाषांतर शेवटी माणसाला तपासावेच लागते. यंत्राने वाचवलेली मिनिटे त्या तपासणाऱ्याच्या वाट्याला आली, तर तो अवघड वाक्य दोनदा वाचू शकेल. तीच मिनिटे आणखी कागद रेटायला खर्च झाली, तर वाट पाहणाऱ्याच्या हाती फक्त लवकर आलेली चूक पडेल.

सॉफ्टवेअर तुमच्या हातात असेल, तर पुढच्या बदलाआधी ही वाटणी ठरवा. मग काम सुरू करा.